माइकलचे हात : 'द गॉडफादर'मधल्या एका पात्राची घडण

एका माफिया कुटुंबाची गोष्ट सांगणाऱ्या 'द गॉडफादर'चं चित्रीकरण मार्च १९७१च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. पहिल्या काही आठवड्यांच्या रशेस, म्हणजे चित्रीकरणाचे कच्चे तुकडे, बघून पॅरामाउंट या निर्मिती कंपनीच्या अधिकाऱ्यांची खात्री पटली की कुटुंबप्रमुखाचा धाकटा मुलगा माइकल कोर्लिओनी याच्या भूमिकेतला हा बुटका, अनोळखी नट काहीच करत नाहीये. ॲल पचिनो त्यांना पहिल्यापासूनच नको होता. त्यांच्या डोक्यात रायन ओनील, रॉबर्ट रेडफर्ड अशी नावं होती. पचिनोला काढून टाकायची भाषा सुरू झाली, तेव्हा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोलाने शेड्युल फिरवलं आणि रेस्टॉरंटमधल्या खुनाचा प्रसंग अलीकडे ओढला. ते रशेस पाहिल्यावर विषय मिटला.

हा किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो आणि तो 'नटाने स्वतःला सिद्ध केलं' या धाटणीने सांगितला जातो. पण अधिकाऱ्यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. पचिनो खरोखरच काही करत नव्हता, आणि हे न करणं चित्रपटात शेवटपर्यंत टिकलं ते दोन कारणांनी. एक, त्याने स्वतः बेअरिंग सोडलं नाही. दोन, ज्या प्रसंगांत माइकल मन मोकळं करतो किंवा ज्यांतून त्याच्या कृत्यांना सबळ कारण मिळतं, असे प्रसंग लिहिले गेले, त्यातले काही चित्रितही झाले, पण १९७२मध्ये पडद्यावर आलेल्या १७५ मिनिटांत ते नाहीत. हे प्रकरण तपासायला सोयीचं आहे, कारण गाळलेला बराच ऐवज नोव्हेंबर १९७७मध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर चार रात्री चाललेल्या आवृत्तीत परत जोडला गेला. तिथे चित्रपटाचा पहिला आणि दुसरा, असे दोन्ही भाग कालक्रमाने लावले होते. त्यामुळे एकाच पात्राच्या दोन घडणी शेजारी ठेवून बघता येतात.

आधी न करणं म्हणजे नेमकं काय, ते पाहू. बहिणीच्या लग्नाच्या प्रसंगात माइकल लष्करी गणवेशात, मैत्रीण के ॲडम्ससोबत एका बाजूच्या टेबलावर बसलेला असतो. बँडवाल्याच्या कपाळावर पिस्तूल टेकवून वडिलांनी करारावर सही कशी घेतली, हे तो तिला सांगतो. एखाद्या नटाने इथे आवाज खाली आणला असता, नजर चोरली असती, लाज किंवा अभिमान यापैकी काहीतरी दाखवलं असतं. पचिनो हे पाककृती सांगावी तसं सांगतो आणि वर जोडतो की हे माझं कुटुंब आहे, मी नव्हे. वाक्य झाल्यावर चेहऱ्यावर काही उमटत नाही. रशेसमध्ये हा तुकडा सुटा पाहिला तर रिकामाच वाटणार. पुढचे दोन तास त्याला अर्थ देतात, आणि रशेस बघणाऱ्यासमोर पुढचे दोन तास नसतात.

पचिनो रंगभूमीवरून आलेला होता. १९६९मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला होता. मागच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असलेल्या नटाने कॅमेऱ्यासमोर इतकं कमी करणं धाडसाचंच, कारण इथे संकलकाने साथ दिली नाही तर नट उघडा पडतो.

दुसरा टप्पा रुग्णालयाचा. गोळ्या लागलेल्या वडिलांच्या खोलीवरचा पहारा कोणीतरी उठवला आहे, मारेकरी कधीही येतील, आणि दारात माइकलसोबत उभा आहे एंझो नावाचा बेकरीवाला. खिशात हत्यार असल्यासारखं भासवून दोघं उभे राहतात, गाडी थांबते आणि निघून जाते. मग एंझो सिगारेट पेटवायला जातो, तर त्याच्या हातातला लायटर थरथरतो. माइकल लायटर घेऊन पेटवून देतो आणि क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहतो. हात स्थिर आहे. एवढंच. पात्राला स्वतःबद्दल नवी गोष्ट कळली, प्रेक्षकालाही त्याच क्षणी कळली, आणि कोणी एक अक्षर बोललं नाही. पटकथेच्या वर्गात 'पात्राचा ग्राफ कुठे वळतो' असं विचारलं की विद्यार्थी रेस्टॉरंटकडे बोट दाखवतात. वळण इथे आहे. रेस्टॉरंट हा त्याचा परिणाम.

लगेच पुढे लाचखाऊ पोलीस कॅप्टन मॅक्लस्की ठोसा मारून माइकलचा जबडा फोडतो. याचा अभिनयावर थेट परिणाम होतो. सुजलेल्या जबड्यामुळे पचिनोला तोंड फारसं हलवता येत नाही, चेहऱ्याचा खालचा भाग निकामी होतो, आणि सगळं काम डोळ्यांवर येतं. गंमत म्हणजे बापाचंही तेच. बापाच्या, म्हणजे डॉन व्हिटो कोर्लिओनीच्या भूमिकेतल्या मार्लन ब्रँडोने चाचणीच्या वेळी गालात बोळे कोंबले होते. चित्रीकरणासाठी दातांवर बसणारं, गाल फुगवणारं एक उपकरण त्याच्यासाठी बनवून घेतलं गेलं. ब्रँडो तेव्हा जेमतेम ४७ वर्षांचा होता. बाप आणि मुलगा, दोघांची तोंडं अडलेली, दोघंही दातांमागून बोलणारे. चेहरेपट्टी जुळत नसतानाही ते एका रक्ताचे वाटतात, यात या जबड्यांचा वाटा मोठा आहे.

आता खुनाचा प्रसंग, ज्यात माइकल रेस्टॉरंटमध्ये बापावर हल्ला घडवणारा सोलोझो आणि मॅक्लस्की यांना मारतो. तो नीट वाचायचा तर डॉनचा साथीदार क्लेमेंझा याच्या सूचना आधी मोजाव्या लागतात, कारण तळघरात आणि निघताना त्या प्रेक्षकासमोर बारकाईने दिल्या जातात. पिस्तुलाच्या मुठीला आणि चापाला ठसे न उमटणारी पट्टी लावली आहे. आवाज मुद्दाम मोठा ठेवला आहे, म्हणजे आसपासचे लोक घाबरून लांब राहतील. शौचालयाच्या दारातून बाहेर पडताक्षणी प्रत्येकाच्या डोक्यात दोन-दोन गोळ्या. मग हात खाली सोडायचा आणि पिस्तूल अलगद निसटू द्यायचं. भराभर चालायचं, पळायचं नाही. कोणाच्या डोळ्यांत पाहायचं नाही, पण नजर फिरवायचीही नाही.

प्रत्यक्षात काय होतं? शौचालयाच्या टाकीमागे लपवलेलं पिस्तूल चाचपताना ते क्षणभर हाताला लागतच नाही. सापडल्यावर माइकल दोन्ही हातांनी डोकं दाबतो. बाहेर येतो, दारात थबकतो, आणि गोळ्या झाडण्याऐवजी टेबलाशी येऊन बसतो. पहिली सूचना इथेच मोडली. सोलोझो इटालियनमध्ये बोलतच राहतो. कॅमेरा हळूहळू माइकलच्या चेहऱ्याकडे सरकतो. डोळे इकडून तिकडे जातात, कुठेच ठरत नाहीत. मग तो उठतो. सोलोझोला एक गोळी, मॅक्लस्कीला दोन, आणि त्यातली पहिली गळ्यात. चाराच्या जागी तीन. पिस्तूल तो अलगद सोडत नाही. ते हातातच राहतं, आणि दाराजवळ पोचल्यावर झटकल्यासारखं फेकलं जातं.

पुन्हा येऊन बसणं मारिओ पुझोच्या १९६९च्या कादंबरीतही आहे. पण तिथे त्याच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं याचा खुलासा लेखक देतो. चित्रपटाने खुलासा काढला आणि जागा नटाच्या चेहऱ्याला दिली. त्या चेहऱ्याला आधार आहे तो ध्वनीचा. ध्वनीचं काम पाहणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी इथे उन्नत रेल्वेची घरघर आणि चाकांची किंचाळी चढवत नेली. गाडी पडद्यावर कधीच दिसत नाही. ब्राँक्समध्ये डोक्यावरून रेल्वे जाते, त्यामुळे आवाज खटकत नाही, पण तो इतका मोठा होतो की रस्त्यावरचा राहत नाही, माइकलच्या डोक्यातला होतो. पार्श्वसंगीत अजिबात नाही. निनो रोटा यांचं संगीत येतं ते पिस्तूल हातातून सुटल्यानंतर.

आणखी एक निर्णय सहज नजरेआड होतो. सोलोझोच्या इटालियन संवादाला भाषांतराच्या ओळी नाहीत. ज्याला ती भाषा येत नाही त्याला ऐकण्यासारखं काही उरत नाही, म्हणून तो माइकलकडे बघत बसतो. ओळी दिल्या असत्या तर प्रेक्षकाचे डोळे चेहऱ्यावरून खाली घसरले असते आणि पचिनोचं काम अर्धं वाया गेलं असतं. (आपल्याकडे ओटीटीवर हा प्रसंग लावताना कधी कधी सरसकट सबटायटल्स सुरू असतात. ती बंद करून पाहावा.) माइकलची इटालियन तोकडी आहे, हेही इथेच दिसतं. वडिलांच्या जिवाची हमी मागायची वेळ येते तेव्हा त्याला शब्द सापडत नाहीत आणि तो इंग्रजीवर येतो. बापाच्या जगात तो अजून पाहुणा आहे, हे सांगायला यापेक्षा स्वस्त आणि नेमका उपाय सापडणं कठीण.

या थंडपणाचं माप प्रेक्षकाला मिळतं ते थोरल्या भावामुळे, सॉनीमुळे. सॉनी साकारणाऱ्या जेम्स कानने लग्नात एफबीआयच्या छायाचित्रकाराचा कॅमेरा आपटला आणि खिशातल्या नोटा काढून जमिनीवर फेकल्या, हे ऐन वेळचं होतं. आधी नासधूस, लगेच भरपाई. त्या एका हालचालीत सॉनीचा सगळा स्वभाव आला, आणि पुढे त्याला टोलनाक्यावर कसं गाठता येईल हेही. गंमत अशी की कानची चाचणी माइकलच्या भूमिकेसाठीही घेतली गेली होती.

डॉनचा मारेकरी ल्यूका ब्राझीचं उदाहरण याच्या अगदी उलट आहे. तिथे नटाच्या अडचणीमुळे प्रसंग वाढला. ही भूमिका करणारा लेनी मोंटाना हा पूर्वीचा कुस्तीगीर. ब्रँडोसमोर उभं राहिल्यावर त्याची बोबडी वळली आणि आभाराची ओळ गडबडली. कपोलाने ती गडबड ठेवली आणि नंतर एक छोटा तुकडा नव्याने घेतला, ज्यात ल्यूका लग्नाच्या अंगणात एकटाच बसून तीच वाक्यं घोकतो आहे. कादंबरीतला ल्यूका हा ज्याचा भूतकाळ वाचवत नाही असा राक्षस. पडद्यावरचा ल्यूका परीक्षेला बसलेल्या पोरासारखा घामाघूम. पण त्यामुळे डॉनची जरब वाढते, कारण बँडवाल्याच्या कपाळावर पिस्तूल टेकवणारा हाच तो माणूस, हे थोड्याच वेळात आपण माइकलकडून ऐकतो. नटाची चूक वाचवायची तर तिला आधी कारण पेरावं लागतं. घोकण्याचा तुकडा नसता तर ती चूकच राहिली असती.

आता गाळलेले प्रसंग. पहिला गेंको अब्बांदांदोचा. लग्नानंतर डॉन आपल्या मुलांना घेऊन जुन्या सल्लागाराच्या मृत्युशय्येशी जातो. मरणारा माणूस डॉनला थांबायची गळ घालतो, जणू याच्या धाकाने मृत्यूही परत फिरेल. प्रसंग म्हणून तो उत्तम आहे. अडचण आहे ती माइकलची. तिथे बाप त्याच्या छातीवरच्या लष्करी फितींची खिल्ली उडवतो, परक्यांसाठी कसले पराक्रम करतोस असं सुनावतो, तुझ्यासाठी माझ्या मनात काही बेत आहेत असं सुचवतो. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासातच बाप-लेकांचा झगडा तोंडाने बोलून मोकळा होतो.

तो गेल्यामुळे काय साधलं, हे मोजून दाखवता येतं. प्रदर्शित चित्रपटात लग्नात डॉन एवढंच करतो, की माइकलशिवाय फोटो काढू देत नाही. रुग्णालयात माइकल त्याच्या कानाशी वाकून मी आता तुमच्यासोबत आहे असं सांगतो आणि बाप बोलू शकत नाही, नुसते डोळे भरून येतात. दोघंच समोरासमोर बसून बोलतात ते थेट शेवटाकडे, बागेत. तो प्रसंग कादंबरीत नव्हता. पटकथाकार रॉबर्ट टाउन यांनी तो श्रेयनामावलीत नाव न येता लिहून दिला, आणि ऑस्कर स्वीकारताना कपोलाने त्यांचे आभार मानले. त्यात डॉन थकला आहे, दारू थोडी जास्त होते आहे, एकदा सांगितलेला इशारा पुन्हा सांगतो, आणि मध्येच म्हणून जातो की तुझ्या वाट्याला हे यावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. हा प्रसंग काळजाला हात घालतो, कारण तोवर दोघांत बोलणं झालेलंच नसतं. गेंकोचा प्रसंग ठेवला असता तर बागेतलं बोलणं दुसरं ठरलं असतं.

दुसरा गाळलेला धागा हॉलिवूडचा. निर्माता वोल्ट्झ याच्या घरी डॉनचा सल्लागार टॉम हेगनला एक लहान अभिनेत्री आणि तिची आई दिसते आणि त्या घरात काय चालतं ते त्याला उमगतं. हे कळल्यावर प्रेक्षक वोल्ट्झच्या अंथरुणातल्या घोड्याच्या मुंडक्याकडे न्याय म्हणून बघायला लागतो. ते नसताना उरतो तो निव्वळ धंदा. एका गायकाला भूमिका हवी, म्हणून एक जनावर मारलं.

तिसरा धागा सगळ्यात महत्त्वाचा. खुनांनंतर माइकल सिसिलीत लपलेला असताना त्याचा अंगरक्षक फाब्रिझिओ फितूर होतो आणि गाडीतल्या बॉम्बने माइकलची तिथली बायको अपोलोनिया मरते. कादंबरीत या माणसाचा हिशोब चुकता होतो. तो अमेरिकेत पिझ्झाच्या दुकानात सापडतो आणि मारला जातो. चित्रपटासाठी माइकल स्वतःच्या हाताने, सिसिलीतल्या आखूड बंदुकीने त्याला उडवतो असा प्रसंग योजला होता, आणि हातात बंदूक घेतलेल्या पचिनोची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. तो चित्रपटात आला नाही. दुसऱ्या भागासाठी फाब्रिझिओला गाडीतल्या बॉम्बने मारल्याचा नवा प्रसंग घेतला गेला, आणि तोही गळला. तो दिसला १९७७च्या आवृत्तीत.

सूडाचा हा तुकडा ठेवला असता तर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि पात्र तिथेच मोडलं असतं. खुनाची योजना मांडताना माइकल खुर्चीत पाय दुमडून बसतो, कॅमेरा हळूहळू जवळ येतो, सॉनी हसतो, आणि हा शांतपणे म्हणतो की हे वैयक्तिक नाही, हा शुद्ध व्यवहार आहे. हे खरं आहे की नाही, हा प्रश्न चित्रपट सोडवत नाही. जबडा त्याचाच फुटला होता आणि बाप त्याचाच रुग्णालयात होता. फाब्रिझिओला मारणं मात्र व्यवहाराच्या कुठल्याच खात्यात बसत नाही. बायकोसाठी घेतलेला तो सूड आहे, आणि तो दाखवला की माइकल जखमी नवरा होतो, प्रेक्षकाला त्याला माफ करायची सोय होते. शिवाय हातांचा हिशोब बिघडतो. प्रदर्शित चित्रपटात रेस्टॉरंटनंतर माइकल एकाही माणसावर स्वतः गोळी झाडत नाही. भाच्याच्या बाप्तिस्म्याच्या प्रसंगात त्याच्या हुकमाने माणसं पटापट पडत असताना त्याचे हात रिकामे आहेत आणि तोंडी सैतानाचा त्याग केल्याची कबुली आहे. त्या क्लोजअपमध्ये पचिनोचा चेहरा लग्नातल्या टेबलावर होता तितकाच कोरा आहे. तोच चेहरा, आणि यावेळी तो कोणाला रिकामा वाटत नाही.

असा अभ्यास करताना तीन ठिकाणी घसरायला होतं. लिहिलेलं, चित्रित झालेलं आणि गाळलेलं या वेगवेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत पडतात. जुनी पटकथा हाती लागली म्हणून तो प्रसंग घेतला गेलाच होता असं होत नाही. दुसरं, गाळलेला प्रसंग सुटा बघून त्यावर मत बनवलं जातं. तसा बघितला तर गेंकोचा प्रसंग का काढला असाच प्रश्न पडतो. तो त्याच्या मूळ जागी ठेवून, आधीची दहा आणि नंतरची वीस मिनिटं सलग पाहिली तरच त्याचं वजन कळतं. १९७७ची आवृत्ती इथे मदत करते, पण कालक्रमामुळे व्हिटोचं तरुणपण माइकलच्या आधी येतं, त्यामुळे माइकलकडे बघायची नजरच बदलते, हे धरून चालावं लागतं. तिसरं, परिणामालाच हेतू समजलं जातं. फाब्रिझिओ गेल्याने पात्र घट्ट झालं हे पडद्यावर तपासता येतं. तो त्याचसाठी काढला होता असं त्यावरून निघत नाही. तीन तासांच्या आसपासच्या चित्रपटात लांबी हेच अनेकदा पहिलं कारण असतं.

काम सोपं करणारी एक युक्ती आहे. पात्राला नवी माहिती कधी मिळते, ती प्रेक्षकाला त्याच्या आधी मिळते, सोबत मिळते की नंतर, याची मिनिटवार नोंद करायची. मग आवाज बंद करून तेच प्रसंग पुन्हा पाहायचे आणि चेहऱ्यावरून किती कळतं ते शेजारी लिहायचं. माइकलच्या बाबतीत पूर्वार्धात, रुग्णालयातल्या लायटरसारख्या क्षणी, माहिती दोघांना एकदमच मिळते. उत्तरार्धात प्रेक्षक मागे पडत जातो. डॉनचा जुना साथीदार टेस्सिओ फितूर असल्याचं डॉनच्या अंत्ययात्रेत कळतं, बहिणीचा नवरा कार्लो याच्याबद्दल माइकल आधीच सगळं ठरवून बसलेला असतो, आणि आपल्याला ते कार्लो खुर्चीत बसून रडायला लागतो तेव्हा उमगतं. जो नट सुरुवातीला काही दाखवत नव्हता, तो आता आपल्यापासून लपवतो आहे. चेहरा तोच, फक्त आपली जागा बदलली.

शेवटाचाही एक पर्याय होता. कादंबरी संपते ती के हिच्या प्रार्थनेवर. ती चर्चमध्ये नवऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते. के साकारणाऱ्या डायन कीटनवर मेणबत्त्या लावण्याचा तो प्रसंग चित्रितही झाला होता. प्रदर्शित चित्रपटात तो नाही. तिथे माइकल बायकोच्या, म्हणजे केच्या डोळ्यांत बघून कार्लोला आपण मारलं नाही असं खोटं बोलतो, ती सुटकेचा श्वास टाकते, दुसऱ्या खोलीत पेले भरायला वळते, आणि उघड्या दारातून तिला दिसतं की माणसं त्याच्या हाताचं चुंबन घेत आहेत. मग तिच्यासमोर दार बंद होतं. ते लावतो माइकलचा माणूस अल नेरी, माइकल नाही. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात मुलांना भेटून निघालेली के पुन्हा एका दारात उभी राहते, आणि तेव्हा मात्र ते दार माइकल स्वतःच्या हाताने लावतो.